शब्दाला गाव विचारणाऱ्या बाई

बाई, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहावं इतका माझा अधिकार नाही. तुमच्या वर्गात मी एक दिवसही बसलेलो नाही. ज्यांनी तुमच्याकडे इंग्रजीचे धडे गिरवले, तुमचा खडू कपाळावर झेलला, ते आज वकील आहेत, डॉक्टर आहेत, एक जण तर तुमच्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाटायच्या तुमच्या स्मरणपुस्तिकेत त्यांचे लेख असतील आणि ते चांगलेच असतील. मी तुमचा भाडेकरू. वरच्या खोलीतला. ताईंना मी हे सांगून बघितलं. तुमच्या लेकीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "त्या सगळ्यांना शाळेतल्या बाई माहिती आहेत. घरातली आई तुलाच. लिही गप."

म्हणून लिहितो आहे. पहिलं वाक्य कितीदा तरी खोडलं. तुम्ही असता तर लाल पेन घेऊन मागे उभ्या राहिला असता आणि म्हणाला असता, "खोडतोस काय? चुकीचं असलं तरी आधी पुरतं लिही. अर्धवट वाक्य तपासता येत नाही."

तुमचा जन्म, नोकरी, बदल्या, निवृत्ती हे सगळं इतरांनी लिहिलं असेल. मला एका इंग्रजी शब्दाबद्दल आणि एका कप चहाबद्दल लिहायचं आहे. तेवढं मी नीट लिहू शकतो.

आबा, माझे वडील, आणि मी खोली बघायला आलो तो दिवस. शाहूवाडीकडून सकाळच्या एसटीनं आलो होतो आणि राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घालून दोघंही घामाघूम झालो होतो. आबांच्या चपलांचा करकर आवाज गल्लीच्या टोकापासून येतो, त्यामुळे आम्ही हाक मारायच्या आधीच तुम्ही दार उघडलंत. आबांनी एक पाय चपलेतून काढून उंबऱ्यावर ठेवला आणि आमच्याकडे नव्या माणसाला जे पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं.

"बाई, आडनाव काय म्हणायचं तुमचं?"

तुम्ही चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "आडनाव पेन्शनच्या कागदावर हाय, पावणं. तुम्हाला खोली बघायची हाय का पेन्शन?"

आबा हसले. मग त्यांची नजर तुमच्या खांद्यावरून आत गेली. समोरच्या फळीवर बुद्धांची मूर्ती होती, पुढे वाटीत चाफ्याची फुलं. त्यांना उत्तर मिळालं. उंबऱ्यावरचा पाय त्यांनी हळूच मागे घेतला आणि पुन्हा चपलेत घातला. मी ते बघितलं. तुम्हीही बघितलंत, पण ते मला पुढे खूप दिवसांनी कळलं.

त्यांनी खोली नाकारली नाही. वर जाऊन मीच बघून आलो, चांगली आहे म्हणालो. आबा म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे पोरगं. शिकाय आलंय." आणि पायरीवरच बसले. तुम्ही चहा आणलात. "आत्ताच स्टँडवर घेतला की," आबा म्हणाले. आम्ही स्टँडवर काही घेतलं नव्हतं. तुम्ही दारातल्या वेताच्या खुर्चीत बसलात, स्वतःचा चहा प्यायलात, मग कप खाली ठेवून आबांचाही प्यायलात. "वाया घालवायची सवय नाही मला," एवढंच बोललात.

पुढे तेच चालू राहिलं. आबा कधी तांदूळ घेऊन यायचे, कधी काकवी, कधी नुसतेच. करकर आवाज आला की तुम्ही गॅसवर आधण ठेवायचा. पायरीवर कप यायचा. "आत्ताच घेतला की." आणि तुम्ही दोन्ही कप संपवायचा.

"तुमच्यामुळं माझी साखर वाढाय लागलीया, पावणं."

"मग करू नका की बाई. मी कुठं मागतोय?"

"तुम्ही घेऊ नका. मी करायची थांबत नाही. बघूया कोण आधी दमतंय."

आबा मान खाली घालून हसायचे आणि भाताबद्दल, पावसाबद्दल, एसटीच्या कंडक्टरबद्दल बोलायला लागायचे. तासभर बोलायचे. पण चपला पायात. चपला काढल्या की आत जावं लागतं, म्हणून चपला पायातच.

मी पहिल्या आठवड्यापासून तुमच्या स्वयंपाकघरात जेवत होतो हे त्यांना माहीत होतं. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. "तू शिकलेला. तुझं येगळं," असं एकदाच म्हणाले. मी तुमच्याजवळ त्यांची बाजू मांडायचो. बाई, आबा माणूस वाईट नाहीत, त्यांना लहानपणापासून तसंच शिकवलंय. तुम्ही भाजी निवडता निवडता म्हणालात, "वाईट माणसाला मी चहा करत नसते." आणि मी मध्ये पडून आबांना काही सुनवायचा विचार बोलून दाखवला तेव्हा तुम्ही डोळे वटारलेत. "तू गप बस. हा आमच्या दोघांचा डाव आहे. तू पंच नाहीस."

आता त्या शब्दाकडे येतो.

कॉलेजात मी समाजशास्त्र घेतलं, कारण तिथं जागा होती. पहिल्या सुट्टीला गावी गेलो तेव्हा आबांनी विचारलं, "सोशालॉजी म्हंजे काय रं? ते शिकून मानूस काय हुतो?" मला सांगता आलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाही प्रश्नच. वर्गात विचारायची लाज वाटत होती. सगळ्यांना माहीत असेल असं वाटायचं. परत आल्यावर तुम्हाला विचारलं, तेही विषय काढून, फिरवून, जणू दुसऱ्या कुणासाठी विचारतोय असं.

तुम्ही मेथी बाजूला सारलीत. "शब्द कळत नसला की त्याला गाव विचारायचं. कुठनं आलास, आईबाप कोण, वाटेत कुणाकडं मुक्काम केलास. सगळं सांगतो तो. माणसासारखा लपवत नाही." मग कपाटातून तो जाडजूड शब्दकोश काढायला लावलात. त्याची पाठ तुम्ही जुन्या साडीच्या काठानं चिकटवलेली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी भिंग धरायचं आणि मोठ्यानं वाचायचं. माझे उच्चार ऐकून तुमच्या कपाळावर आठ्या पडायच्या, पण वाचन थांबवायची परवानगी नसायची.

त्या दिवशी कळलं की तो शब्द दोन घरांचा आहे. पुढचा निम्मा लॅटिन, मागचा निम्मा ग्रीक. लॅटिनमध्ये सोकियस म्हणजे सोबती, संगतीनं चालणारा. त्याच्याही मागे गेलं की नुसतं कुणाच्या तरी मागोमाग जाणं. ग्रीकांचा लोगोस म्हणजे बोलणं, विचार, एखादी गोष्ट नीट लावून सांगणं. त्याच्याही मागे गेलं की वेचणं. रानात पडलेलं एक एक वेचून ओच्यात घ्यावं तसं.

"म्हणजे समाज कुठं आला बाई यात?"

"तो नंतर आला. आधी एकच माणूस होता, तुझ्याशेजारून चालणारा. सांग तुझ्या आबांना, सोबत्यांविषयी वेचून बोलायची विद्या शिकतोय म्हणून."

मी फोनवर सांगितलं. आबा म्हणाले, "त्याला कॉलेज कशाला? पारावर बसला असतास तर फुकटात झालं असतं." तुम्ही हे ऐकून इतक्या हसलात की ठसका लागला.

त्याच आठवड्यात तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत. दोनेकशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच विचारवंतानं हा शब्द चालवला तेव्हा पंडितांनी नाकं मुरडली होती. लॅटिनच्या गळ्यात ग्रीक बांधलं, हे काय लग्न झालं? एका कुळात करायचं सोडून! असल्या शब्दांना ते लोक हायब्रीड म्हणतात. आणि हायब्रीडलाही गाव विचारलंत तर तोही लॅटिनच निघाला. पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलाला रोमन लोक म्हणायचे तो शब्द. तुम्ही म्हणालात, "टेलिव्हिजनही तसाच. पुढं ग्रीक, मागं लॅटिन. त्याला कुणी घराबाहेर काढला नाही. सगळ्यांनी देवघराच्या शेजारी बसवला."

मला हे इतकं आवडलं की वर्गात सरांनी विषयाची व्याख्या विचारली तेव्हा मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा. डुकरिणीपर्यंत सगळं सांगितलं. सर म्हणाले, उत्तम. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आयला, हायब्रीड." त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव हायब्रीड पडलं. "काय हायब्रीड, जेवलास का?" "हायब्रीड, नोट्स दे की." मी रडवेला होऊन घरी आलो तर तुम्ही म्हणालात, "नाव पडलं म्हणजे ओळख झाली. काल तुला तिथं कोण ओळखत होतं?"

ते खरं होतं. त्यानंतर वर्गात बोलायची भीती गेली ती गेलीच. आज मी कुणाहीपुढे उभा राहून बोलू शकतो. इंग्रजीत अडखळतो, पण थांबत नाही. रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायला लावून तुम्ही ते माझ्यात घातलंत. "मोठ्यानं चूक. पुटपुटत बरोबर असण्यापेक्षा बरं." शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना माझं वाचन पाठ झालं होतं. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, "भाडं वेळेवर दे, तेवढं पुरे." म्हणून आता, तुम्ही उत्तर देऊ शकत नाही तेव्हा मानतो. आभार, बाई.

आबा आणि तुम्ही सगळ्यात जवळ आलात तो दिवस मला आठवतो. नवीन तांदूळ घेऊन ते आले होते. पोतं मी आत घेतलं, आबा पायरीवर. तुम्ही खुर्चीतून मोठ्यानं म्हणालात, "पावणं, तुमच्या पोराचा विषय हायब्रीड हाय, माहिती हाय का?"

आबा सावरून बसले. बियाण्याचा विषय म्हणजे त्यांचा. "हायब्रीडला उतारा चांगला पडतोय. पर बी धरता येत न्हाय. दरसाली इकत आणाय लागतंय."

"हे मला माहीत नव्हतं. पण पोराच्या विषयाच्या ह्या शब्दाचं बी धरलं बघा लोकांनी. त्याच्या मागनं तसलेच कितीतरी उगवले." आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणालात, "आणखी एक सांगते. ह्यातला निम्मा शब्द तुमच्या घरात हाय. सखा."

"सखा? भजनात म्हणतोय त्यो?"

"तोच. त्यांचा सोकियस आन आपला सखा, एकाच मुळीचे. लांब गेलेले भाऊ."

"कुटं रोम आन कुटं आमी," आबा म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवत हसले. "म्हंजे पावणंच की आमचं."

"पावणंच," तुम्ही म्हणालात आणि कप त्यांच्याकडे सरकवलात.

मी जिन्यावर उभा होतो. आबांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. खरंच उचलला गेला होता, मी बघितलं. मग तो डोक्यावरच्या टोपीकडे गेला, टोपी सारखी केली, आणि ते म्हणाले, "आत्ताच घेतला की."

तुम्ही दोन्ही कप संपवलेत.

आबा गेल्यावर मी तुमच्याशी भांडलो. म्हणजे माझ्या परीनं. कप विसळत होतो आणि बोललो, "बाई, एक विचारू? रागावू नका."

"रागावायचं ते ऐकल्यावर ठरवते."

"माणसानं आडनाव विचारलेलं तुम्हाला चालत नाही. कूळ, गाव, काहीच नाही. दाराला पाटीसुद्धा लावली नाही तुम्ही. आणि शब्द दिसला की त्याचं सगळं खानदान काढता. आईबाप कोण, लग्न कुठं झालं, कुठल्या कुळात. आबा जे करतात तेच तुम्ही शब्दांना करता."

मला वाटलं आता खडू येणार. तुम्ही पदरानं चष्मा पुसलात, सावकाश, दोन्ही काचा. "माणसाला विचारतात ते त्याला कुठं बसवायचं हे ठरवायला. मी शब्दाला विचारते ते तो कुठनं कुठवर चालत आला हे बघायला. मला त्याला कुठं बसवायचं नसतं."

"पण विचारणाऱ्याच्या मनात काय आहे, हे विचारलं जाणाऱ्याला कसं कळणार? प्रश्न तर एकच आहे."

तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. लहानपणी शाळेत तुम्हाला वर्गाबाहेर बसवायचे का, पाणी वरून ओतायचे का, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. त्या वेळी ते सगळं तुमच्या चेहऱ्यावर आहे असं मला वाटलं. कदाचित नसेलही. तुम्ही म्हणालात, "प्रश्न चांगला हाय. मला विचार करू दे. तू चंदगडहून आलास की सांगते."

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी दुसऱ्या दिवशी चंदगडला निघणार होतो. काजूच्या कामावरच्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. तुम्ही डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिलीत आणि म्हणालात, "उत्तर तुलाच आधी सापडलं तर लपवू नकोस."

बाई, मला सापडलं होतं. म्हणूनच हे लिहायला तयार झालो, नाहीतर ताईंना नाही म्हटलं असतं.

चंदगडकडच्या त्या वाडीत काजूच्या बिया फोडणारी एक म्हातारी होती. सगळे तिला अव्वा म्हणायचे, तिकडे कानडी जवळ आहे. बीच्या चिकानं तिची बोटं काळी पडलेली. मी तिच्यासमोर प्रश्नावली घेऊन उभा राहिलो. नाव, वय, शिक्षण. चौथा प्रश्न जात. तुमची आठवण आली. तुमची पेन्शन आठवली. तरी विचारलं, कारण तो रकाना रिकामा ठेवून चालत नव्हतं. माझ्या विषयाला तो लागतो. कुणाला कुठं बसवलं गेलं हे कळल्याशिवाय त्याबद्दल वेचून बोलता येत नाही.

अव्वानं हातातली बी खाली ठेवली. "आदी तू सांग. कुणाचा तू?"

मी सांगितलं. गाव, आडनाव, जात, आबा काय करतात, सगळं. इतकं नीट मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आता बस की मग. उभ्यानं इचारतोस ते तपासणीला आल्यागत वाटतंय."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो. तिनं आतून कोरा चहा मागवला. एक कप तिला, एक मला. तो पिऊन झाल्यावर तिनं त्या रकान्याचं उत्तर दिलं, आणि त्याच्या पुढचंही. विहिरीचं, लग्नाचं, पहिल्या मालकाचं. मी विचारलेले प्रश्न कधी संपले आणि ती आपणहून कधी बोलायला लागली हे मला कळलंच नाही.

तेव्हा मला वाटलं, बाईंना हे सांगायचं. प्रश्न एकच असतो हे माझं खरं. विचारणाऱ्याचं मन दिसत नाही हेही खरं. पण विचारून झाल्यावर तो कुठं बसतो ते दिसतं. आबांनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं त्याचं तुम्हाला वाईट वाटलं नसणार. पाय मागे घेतला त्याचं वाटलं. शब्दाला गाव विचारून तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसायचा, भिंग धरून, तासन्‌तास. म्हणून तुमचं विचारणं वेगळं.

हे उत्तर बरोबर आहे का, मला माहीत नाही. तुमचं उत्तर काय होतं तेही आता कळणार नाही. तुम्ही कदाचित म्हणाला असता, "निम्मं बरोबर," आणि उरलेलं निम्मं स्वतः शोधायला लावलं असतं. पण मी ते मोठ्यानं सांगणार होतो. पुटपुटणार नव्हतो.

त्या वाडीत फोनला रेंज नव्हती. एसटीच्या थांब्याजवळ चढावर गेलं की मिळायची. अव्वाकडच्या कामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं चढून गेलो, मुद्दाम तुम्हाला फोन करायला. फोन खिशातून काढेपर्यंत तोच थरथरायला लागला. पडद्यावर तुमचं नाव होतं. मला हसू आलं. म्हटलं, बाईंना धीर धरवला नाही.

"बाई, उत्तर सापडलं," मी उचलल्या उचलल्या बोलायला सुरुवात केली. "विचारण्यात काही नाही. विचारून झाल्यावर माणूस कुठं बसतो ते बघायचं. तुम्ही सांगा, बरोबर आहे का?"

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मी हाय रं."

"आबा? तुम्ही बाईंच्या फोनवरनं?"

"माझ्या फोनचं चार्जिंग गेलंय. कालपास्नं लावतोय तुला. कुटं हाईस?"

"थांब्यावर. काय झालं?"

आबांना सांगायला वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. ते सुरुवातीपासून सांगतात. "काल सकाळी तांदूळ घिऊन आलतो. पायरीवरनं हाक मारली, बाई हाईसा का. आतनं म्हणल्या, पावणं, उठवंना झालंय. आज चहा तुमच्याकडं लागला."

"मग?"

"मग काय. केला की. शेजारच्या पोराला डाक्टरकडं पळवलं आन आधण ठेवलं. साखर कुटं हाय त्यास्नीच इचारलं. म्हणल्या, माझ्यात घालू नका. दोन कप केलं. त्यास्नी धरून बसवलं, दोघांनी घेतला." एसटी येत होती, तिचा आवाज घाटातून यायला लागला होता. "पेल्यावर म्हणल्या, पत्ती लई घातलीसा."

एसटी वळणावर दिसायला लागली.

"डाक्टर येस्तवर झालं, बाळा. तरास न्हाय झाला. हात माझ्या हातातच हुता."

मी खाली दगडावर बसलो. आबा बोलत होते. ताई पहाटे पोचल्या. दुपारी न्हेणार हायत, तुझ्यासाठी थांबवलंय. एवढं सगळं ऐकत असताना मला एकच गोष्ट विचारायची होती.

"आबा, तुम्ही आत्ता कुठं बसलाय?"

त्यांना प्रश्न कळला नाही. "कुटं म्हंजे? हितं, आतल्या खोलीत. बाईंच्याजवळ."

"कालपासून?"

"मग? एकट्या ठेवायच्या व्हय त्यास्नी?" आणि मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "तू ये बिगीबिगी. आन चपला भायेर काड. माझ्या हायत तितंच."